शिवाजीनगरची झाडे आणि वास्तुकलेचा वर्ग

भोपाळमधील शिवाजीनगर व तुलसीनगर या सरकारी वसाहतींतील झाडे जून २०२४ मध्ये देशभर चर्चेत आली. मंत्री आणि आमदारांसाठी नवी निवासस्थाने उभारण्याच्या प्रस्तावामुळे सुमारे २९ हजार झाडांवर कुऱ्हाड पडेल, अशी भीती व्यक्त झाली. महिलांसह रहिवासी झाडांना कवटाळून उभे राहिले आणि काही दिवसांतच मध्य प्रदेश सरकारने प्रस्ताव मागे घेतला. याच परिसरावर २०१६ मध्ये स्मार्ट सिटीचे संकट आले होते. विरोधानंतर तो प्रकल्प टी. टी. नगरकडे वळवण्यात आला. आठ वर्षांत दोनदा नागरिकांना तीच गोष्ट सांगावी लागली. ती आराखड्याच्या मेजावरच का उमगू नये?

या प्रश्नाचे उत्तर वास्तुकलेच्या वर्गात शोधावे लागेल. विद्यार्थ्याला भूखंड दिला जातो तेव्हा तो बहुधा कोऱ्या कागदासारखा मानला जातो. जुने झाड, पाण्याची वाट, जमिनीचा उतार या गोष्टी सर्वेक्षणात नोंदल्या जातात. पण रचना त्यांच्यापासून सुरू होत नाही. पर्यावरण हा स्वतंत्र विषयपत्रिकेपुरता उरला, तर विद्यार्थी त्यात उत्तीर्ण होईल आणि रचनेच्या वर्गात पश्चिमेकडे काचेची भिंत उभी करील. जगातील ऊर्जासंबंधित कार्बन उत्सर्जनापैकी एक तृतीयांशाहून अधिक वाटा इमारती व बांधकामाचा आहे. त्यामुळे ही केवळ अभिरुचीची बाब राहिलेली नाही. तोडलेल्या वृक्षाच्या बदल्यात लावलेले रोप सावली द्यायला काही दशके घेते, हा हिशेबही विद्यार्थ्याने मांडायला हवा. असलेली इमारत पाडण्याऐवजी दुरुस्त करता येईल का, हा त्याचा पहिला प्रश्न असायला हवा.

याचा धडा भोपाळमध्येच आहे. गोव्याशी नाते असलेले चार्ल्स कोरिया यांचे १९८२ साली खुले झालेले भारत भवन मोठ्या तलावाकडे उतरणाऱ्या टेकडीत सामावले आहे. उतार न कापता गच्च्या आणि खोलगट अंगणे यांतून त्यांनी प्रकाश व सावली साधली. पणजीतील कला अकादमीतही रस्त्यापासून मांडवीपर्यंत मोकळी, सावलीची वाट ठेवली आहे. दोन शहरे, दोन हवामाने. पण दोन्हीकडे रचनेची सुरुवात जागेपासून झाली.

गोमंतकीयांनी म्हणूनच भोपाळकडे परक्याच्या नजरेने पाहू नये. डोंगरकापणी, बुजवलेली शेते आणि नगर नियोजन कायद्यातील कलम १७(२) व ३९अ यांवरून येथे असाच संघर्ष चालू आहे. आपल्या जुन्या घरांत चिऱ्याच्या भिंती, उतरती कौले, राजांगण आणि बाल्कांव ही मुसळधार पाऊस व दमट उन्हाळ्याला दिलेली उत्तरे होती. पणजीतील गोवा वास्तुकला महाविद्यालयासारख्या संस्थांना हा वारसा दाराशीच उपलब्ध आहे. त्याच्या आकारांची नक्कल नको. हवा, पाणी आणि सावलीचे त्यामागील गणित शिकवावे.

मात्र सगळा भार शिक्षकांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. जी विकासयोजना डोंगरउतार बांधकामासाठी खुला करते, ती उत्तम वास्तुविशारदालाही हतबल करते. सरकारने स्वतःच्या बांधकामांपासून आरंभ करावा आणि नकाशे संमत करण्यापूर्वी झाडे व पाणवाटा यांचा आलेख अनिवार्य करावा. शिवाजीनगरच्या रहिवाशांनी झाडे वाचवली. पुढच्या पिढीच्या वास्तुविशारदांना ती वाचवण्याची वेळच येऊ न देणारा आराखडा काढता आला पाहिजे.