बेटाभोवतीची उथळ श्रीमंती

सुट्टीत नाशिकहून मालवणला जाणारे पुष्कळ. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, स्नॉर्केलिंग करायचे, मासे खाऊन परतायचे. पण किल्ला ज्या कुरटे बेटावर आहे, त्याच्या भोवतीच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत आणि समोरच्या वाळूच्या किनाऱ्यावर नाहीत. असे का?

उत्तर बेटाच्या घडणीत आहे. प्रवाळ आणि स्पंज यांना चिकटून बसायला पक्का आधार लागतो. सरकत्या वाळूत त्यांचा जम बसत नाही. जमिनीवरच्या जीवांची विविधता बेटाचे क्षेत्रफळ आणि मुख्य भूमीपासूनचे अंतर यांवर ठरते, असा सिद्धांत मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ मध्ये मांडला. समुद्री जीवांसाठी याच्या जोडीला बेटाभोवतीच्या उथळ पाण्याचा विस्तार, प्रवाह आणि पाण्याचा नितळपणाही पाहावा लागतो.

कुरटे बेट किनाऱ्याला खेटून आहे. पावसाळ्यात खाड्यांतून गाळ येतो, पाण्याचा खारटपणा घटतो. हे सोसणारे चिवट प्रवाळच तिथे तगतात. याउलट विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या ‘आंग्रिया बँक’ या बुडालेल्या पठारावर किनाऱ्याचा गाळ पोहोचत नाही. नितळ पाण्यातून सूर्यप्रकाश वीसेक मीटर खोल माथ्यापर्यंत जातो आणि प्रवाळ वाढतात.

डॉक्टरने यात का बोलावे? रक्ताच्या कर्करोगावर आम्ही देतो ते सायटाराबीन कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात सापडलेल्या रसायनांवरून घडले. स्पंजाला पळता येत नाही, म्हणून तो रसायनांनी स्वतःला वाचवतो. असे जीव नष्ट झाले, तर उद्याची औषधेही त्यांच्याबरोबर जातील.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. समुद्र तापला की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. ती तापवाढ एकट्या मालवणला थांबवता येणार नाही. मात्र प्रवाळांवर पडणारे नांगर आणि पर्यटकांचे पाय नक्की थांबवता येतील. होड्या बांधायला पक्के तरंगते बोये हवेत, पाण्यात उतरणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा हवी आणि हे ठरवताना स्थानिक मच्छीमारांना सोबत घ्यायला हवे. आपणही प्रवाळावर उभे राहू नये, त्याचे तुकडे घरी आणू नयेत. ताप उतरवता येत नसेल, तेव्हा निदान रुग्णाला नवी जखम तरी होऊ देऊ नये.