आपला समुद्र कुठला?

चामोर्शी भागात बँकेच्या नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. एलएफसी घेऊन सहकुटुंब गणपतीपुळ्याला जाऊन आलो होतो. जाळ्यांच्या कर्जाचा हप्ता भरायला आलेल्या एका ढिवर गड्याला मी मोठ्या हौसेने समुद्राचे वर्णन ऐकवत होतो. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ''साहेब, मंग तिथं आपली वैनगंगा दिसली काय?''

मी हसलो. रात्री मुलाचा शाळेचा नकाशा उघडला तेव्हा मात्र हसू मावळले. वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला मिळते, दोघींची मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचापाशी गोदावरीत शिरते आणि गोदावरी जाते बंगालच्या उपसागराला. चंद्रपूर-गडचिरोलीचे पावसाचे पाणी अरबी समुद्राकडे वाहतच नाही. सिरोंचाहून सरळ रेषेत काकीनाडा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई साडेसातशेच्या घरात. तरी सुटीतला समुद्र म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते कोकण. मुंबईकर वाघ पाहायला ताडोब्याला येतात आणि आम्ही त्याच गाडीने उलटे समुद्र पाहायला जातो!

कोकणाबद्दल तक्रार मुळीच नाही. तक्रार आहे ती आपल्या समुद्र पाहण्याच्या रीतीबद्दल. गाडी लावली तिथेच सतरंजी पसरायची, भेळ खायची, मुलांना घोड्यावर बसवायचे, सूर्य बुडाला की उठायचे. किनारा चालायचा असतो, हे कुणी सांगतच नाही. गुहागरला ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवरून अनवाणी निघावे आणि शेवटच्या खडकापर्यंत जावे. शिंपले, खेकड्यांची बिळे, वाळूत उमटलेल्या पाण्याच्या वळ्या पाहत तास-दोन तास कसे गेले कळत नाही. वेळ काढायला कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी किंवा नंतर. खडकांना वळसा घालून पलीकडे जायचे असेल तर हा हिशोब चुकवू नये, पाणी मागून वाट अडवते.

निवृत्तीनंतर मात्र त्या ढिवराचा प्रश्न मनात धरून बल्लारशाहून दक्षिणेची गाडी पकडली. विजयवाड्याला गाडी बदलून नरसापूर, तिथून तरीने गोदावरी ओलांडून अंतर्वेदी. धवळेश्वरमच्या खाली गोदावरीला फाटे फुटतात, त्यांपैकी वसिष्ठा इथे समुद्राला मिळते. बायको म्हणाली, ''अहो, एवढा प्रवास करून पुन्हा नदीच पाहायची?''

पहाटे चालायला निघालो. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, इथे समुद्रातून वर येतो, एवढ्यानेच माणूस गोंधळतो. डोंगर नाही, कडा नाही. किनारा दोन्ही बाजूंना सपाट पसरलेला, भरती-ओहोटीतला फरकही कोकणाच्या मानाने बराच कमी. वाळूत काळसर पट्टे दिसतात. ते इल्मेनाइट, गार्नेट यांसारख्या जड खनिजांचे. मुखाशी एका बाजूला नदीचे गढूळ पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्राचे. मुखाजवळ पाण्यात मात्र उतरू नये, प्रवाह फसवे असतात. बायको तासभर काही बोलली नाही. मग तिनेच वाळू मुठीत घेऊन विचारले, ''यात आपली किती असेल?''

सगळ्या गोदावरी खोऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा. मार्कंड्याच्या देवळामागे महाशिवरात्रीला आपण जी रेती तुडवतो, ती वर्षानुवर्षे पुरात पुढे सरकत इथवर येत होती. पण आज तिच्या वाटेत गोसेखुर्दपासून मेडीगड्ड्यापर्यंत बांध आहेत, आणि आपल्याकडे रेतीघाटांचे लिलाव आहेत. सरकारदरबारी रेती म्हणजे इतके ब्रास, इतके रुपये. रात्रीचे ट्रॅक्टर-हायवा त्या हिशोबातही नसतात. तिकडे काकीनाड्याजवळ उप्पाडा गावचा किनारा समुद्र वर्षानुवर्षे खातो आहे. नदीने गाळ आणणे कमी झाले, हे अभ्यासक देतात त्या कारणांपैकी एक. बांधकामाला रेती लागतेच, मी घर बांधले तेव्हा मलाही लागली. पण घाटावरून किती उचलायची हे ठरवताना खाली नदीला किती द्यायची याचा आकडा आपल्या एकाही कागदावर नसतो. कर्ज मंजूर करताना अशी चूक माझ्या हाताखालच्या कारकुनाने केली असती, तर मी फाईल परत पाठवली असती.

अंतर्वेदीची थोडी वाळू औषधाच्या बाटलीत भरून आणली. तो गडी आता सत्तरीचा, मोतीबिंदू झालेला. त्याने ती तळहातावर ओतली, बराच वेळ अंगठ्याने चोळली.

''लय बारीक झाली, साहेब,'' तो म्हणाला. ''लय चालली असन.''

मग बाटलीत परत न भरता त्याने ती कनवटीच्या रुमालात बांधून ठेवली.