पथारी हाच पत्ता माना: मीरा-भाईंदरच्या बेघरांसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, मीरा-भाईंदर महानगरपालिका
मा. पोलीस आयुक्त, मीरा-भाईंदर, वसई-विरार

विषय: रस्त्यावर झोपणाऱ्या नागरिकांशी नियमित संपर्काची व्यवस्था करण्याबाबत

महोदय,

शहरात रस्त्यावर झोपणाऱ्या माणसांना रात्री भेटणाऱ्या स्वयंसेवकांचे आम्ही मंडळ आहोत. भाईंदर आणि मीरा रोड स्थानकांबाहेरचे ओटे, काशिमीऱ्याचा उड्डाणपूल, बंद दुकानांच्या पायऱ्या हा आमचा नेहमीचा रस्ता. चादरी, साधी औषधे, कधी डबा, असे काहीबाही आम्ही देतो. पण हे पत्र चादरी मागण्यासाठी नाही. जेवणाच्या बाबतीत आपले शहर कंजूष नाही. एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस असला की एकाच कोपऱ्यावर टेम्पो भरभरून खिचडी येते, त्यातली बरीच सकाळी कचऱ्यात जाते आणि दुसऱ्या रात्री तिथे कोणी फिरकत नाही. टंचाई आहे ती या माणसांना नावाने ओळखणाऱ्याची आणि एखादा आज का दिसत नाही म्हणून चौकशी करणाऱ्याची.

बेघर म्हणजे भिकारी, हा समज आधी बाजूला ठेवावा ही विनंती. आम्हाला भेटतात त्यांत नाक्यावर उभे राहणारे बिगारी आहेत, लग्नाच्या हंगामात कॅटररकडे वाढपी म्हणून राबणारे आहेत, भंगार वेचणारे आहेत. घरातल्या भांडणाला कंटाळून निघालेले म्हातारे आहेत आणि नवऱ्याच्या मारामुळे बाहेर पडलेल्या बायाही. दिवसभर राबूनही मुकादमाच्या हाकेपलीकडे त्यांच्याशी कोणी बोलत नाही. पहिल्या भेटीत नाव विचारले तर बहुतेक जण खोटे सांगतात. आम्हाला त्याचा राग येत नाही, कारण नाव विचारणारा माणूस सहसा उठवायलाच आलेला असतो. खरे नाव कळायला वेळ लागतो. त्यासाठी तीच माणसे, त्याच वारी, त्याच वेळी यावी लागतात, खाली बसावे लागते आणि फोटो काढण्याचा मोह आवरावा लागतो.

आमच्या सगळ्या मागण्या एका तत्त्वातून निघतात आणि ते तत्त्व आम्ही शोधलेले नाही. मतदार यादीत नाव घालण्यासाठी नमुना 6 भरणाऱ्या बेघर माणसाकडे निवडणूक आयोग पत्त्याचा कागद मागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या ठिकाणी जाऊन माणूस खरोखर तिथेच झोपतो का, हे पाहतो आणि तेवढ्यावर तो मतदार होऊ शकतो. म्हणजे मतासाठी पथारीची जागा हा पत्ता ठरतो. मग क्षयाच्या उपचाराला, रेशनला, बँक खात्याला तो का ठरू नये?

क्षयाचेच उदाहरण घ्या. उपचार किमान सहा महिन्यांचा. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला आता दरमहा 1,000 रुपये मिळतात, पण ते बँक खात्यात जमा होतात. ज्याचे खाते नाही त्याला आहाराचे पैसे मिळत नाहीत आणि ज्याचा ठिकाणा माहीत नाही त्याने गोळ्या सोडल्याचे वेळेवर कळत नाही. अर्धवट सोडलेला उपचार औषधांना दाद न देणारा क्षय घडवू शकतो, आणि तो लोकलच्या डब्यात पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग असा भेद करत नाही.

म्हणून पहिली मागणी: महापालिकेने प्रत्येक प्रभाग समितीत रात्रीचे संपर्क पथक नेमावे. त्यात आरोग्य विभागाचा एक कर्मचारी, समाज विकास विभागाचा एक आणि प्रशिक्षित स्वयंसेवक असावेत. पथकाने ज्याची नियमित भेट घेतली आहे त्याला महापालिकेच्या सहीशिक्क्याचे संपर्कपत्र द्यावे. त्यावर नाव, झोपण्याची जागा आणि पथकाचा फोन एवढेच पुरे. आरोग्य केंद्राने, रेशनच्या शिबिराने आणि खाते उघडताना बँकेने हे पत्र ग्राह्य धरावे, यासाठी महापालिकेने संबंधित खात्यांशी बोलावे. महापालिकेच्या हाताबाहेरचे काय आहे ते आम्हाला कळते, पण सुरुवात तिच्या हातात आहे.

दुसरी मागणी मोजणीची. 2011 च्या जनगणनेत देशात 17.73 लाख लोक बेघर नोंदले गेले. ही मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती. एका रात्रीत अनोळखी प्रगणकाला फुटपाथवरचा माणूस सापडणे कठीण, सापडला तरी तो बोलेल याची खात्री नाही. येत्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 आहे. त्याआधी संपर्क पथकांनी झोपण्याच्या जागांचा नकाशा तयार करावा, पावसाळ्यातला वेगळा आणि कोरड्या ऋतूतला वेगळा, कारण जूनमध्ये अख्खी वस्ती पुलाखाली सरकते. प्रगणकांबरोबर ओळखीचे स्वयंसेवक जाऊ द्यावेत.

तिसरी मागणी निवाऱ्याची. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या सूचनांनुसार दर एक लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा एक कायमस्वरूपी निवारा हवा, माणशी सुमारे 50 चौरस फूट जागा हवी आणि तो चोवीस तास उघडा हवा. 2011 मध्येच आपल्या शहराची लोकसंख्या 8,09,378 होती. त्या जुन्या आकड्यानेही आठ निवारे होतात. आज शहरात निवाऱ्याच्या किती जागा आहेत आणि त्यांतल्या किती वापरल्या जातात, हे महापालिकेने दर महिन्याला जाहीर करावे. ‘निवारा आहे, पण लोक येत नाहीत’ हे वाक्य ठिकठिकाणी ऐकू येते. लोक न येण्याची कारणे त्यांनाच विचारली तर मिळतात: बोचके चोरीला जाते, नवरा-बायकोला वेगळे ठेवतात, सकाळी सहाला बाहेर काढतात आणि वाढप्याचे काम तर रात्री एकला संपते. तेव्हा निवारा स्थानकाच्या आसपास हवा, त्यात कुलपाचे कप्पे हवेत, बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळी सोय हवी आणि व्यवस्थापन समितीत तिथे राहणारे दोघे तरी हवेत.

चौथ्या मागणीवर आमचा जोर जास्त आहे. मानसिक आजार असलेली, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी माणसे रस्त्यावर भटकतात आणि सगळे त्यांना वळसा घालून जातात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 100 याबाबत स्पष्ट आहे. अशा व्यक्तीला संरक्षणात घेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तिला 24 तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक रुग्णालयात न्यायचे, कोठडीत ठेवायचे नाही, हरवल्याची नोंद करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा. कलम 18 नुसार बेघर रुग्णाला उपचार मोफत आहेत, पिवळे रेशनकार्ड असो वा नसो. आणि हे काम होऊ शकते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. बोरिवलीच्या डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याला एक तरुण नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याच्यावर उपचार केले, तेव्हा तो शिकलेला, चांगल्या घरचा मुलगा निघाला. त्यातून 1988 मध्ये श्रद्धा पुनर्वसन संस्था उभी राहिली. पुढे कर्जतला केंद्र झाले, हजारो रुग्ण बरे होऊन आपापल्या गावी परतले आणि 2018 मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एक जोडपे हे करू शकले, मग महापालिका, पोलीस आणि 1901 पासूनचे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय यांनी मिळून किती करता येईल! आमची मागणी एवढीच की, प्रत्येक पोलीस ठाण्यात या कलमासाठी एक अधिकारी ठरवून द्यावा आणि भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात अशा रुग्णाला सोबत नातेवाईक नसला तरी दाखल करून घेण्याची लेखी पद्धत ठरवावी. नातेवाईक सोबत असता तर तो रस्त्यावर नसता.

पाचवी मागणी सामानाची. अतिक्रमण हटवताना बोचकी उचलू नयेत. उचलावीच लागली तर पावती द्यावी आणि सामान सात दिवस जपावे. त्या बोचक्यात आधारकार्ड असते, डॉक्टरची चिठ्ठी असते. आमच्या कामातली कित्येक महिन्यांची मेहनत एका सकाळी गाडीत जाते.

1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याबद्दलही बोलायला हवे. त्याच्या व्याख्येत केवळ हात पसरणारा बसत नाही. उपजीविकेचे साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी वावरणारा माणूसही बसू शकतो. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवण्याची तरतूद त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये दिल्लीपुरता भिक्षेला गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. आपल्याकडे कायदा कायम आहे. म्हणून आम्ही मागतो ते लेखी आश्वासन: संपर्क पथकाच्या नोंदी या कायद्याखालील कारवाईसाठी किंवा उठवण्याच्या मोहिमेसाठी वापरल्या जाणार नाहीत. हे आश्वासन मिळाले नाही तर आम्ही नोंदी देणार नाही. लोकांनी विश्वासाने सांगितलेले खरे नाव आम्ही कोणाच्या हाती सोपवायचे, हे आम्हालाच ठरवावे लागेल.

शेवटची मागणी रेल्वेशी संबंधित आहे. स्थानकात लोहमार्ग पोलीस, बाहेर शहर पोलीस. फलाटावरून उठवलेला पायऱ्यांवर येतो, पायऱ्यांवरून उठवलेला फलाटावर. दोन्ही यंत्रणा आणि संपर्क पथके यांची महिन्यातून एक बैठक व्हावी. कोणताही मृतदेह बेवारस ठरवण्याआधी त्याचे छायाचित्र पथकांना दाखवावे. निदान नाव सांगता येईल, आणि गावाचा पत्ता असेल तर कळवताही येईल.

आमच्याकडून आम्ही हे देऊ: ठरलेल्या रात्री ठरलेली माणसे, बायकांच्या भेटीला स्त्री स्वयंसेवक, गोपनीयतेची हमी आणि पथकातल्या नव्या माणसांना सोबत फिरवून शिकवणे. मानधन नको, ओळखपत्र, विमा आणि रात्री अडचण आली तर उचलला जाईल असा एक फोन क्रमांक हवा. महापालिकेचे काम महापालिकेऐवजी करण्याची आमची इच्छा नाही आणि ताकदही नाही.

तीस दिवसांत भेटीची वेळ द्यावी. बैठकीच्या आधी आयुक्तांनी किंवा उपायुक्तांपैकी कोणी एका रात्री आमच्याबरोबर फेरीला यावे, असे आमचे सुचवणे आहे. गाडी, छायाचित्रकार आणि पुष्पगुच्छ आणू नयेत.

कळावे,
मंडळाच्या वतीने, रात्रफेरीचे स्वयंसेवक

प्रत माहितीसाठी: मा. जिल्हाधिकारी, ठाणे, वैद्यकीय अधीक्षक, प्रादेशिक मनोरुग्णालय, ठाणे, लोहमार्ग पोलीस, मुंबई