टिपेश्वरच्या पिल्लाची गोष्ट

यवतमाळ जिल्ह्यातलं लहान मूल प्राणी चित्रात पाहण्याआधी शिवारात पाहतं. तुरीत रोही शिरतात म्हणून बाप रात्री जागलीला जातो. रानडुकरांनी हरभऱ्याची नासाडी केल्याचं बोलणं सकाळी चहासोबत कानावर पडतं. मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाईला अस्वलाची धास्ती असते, आणि पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात वाघाचं नाव निघालं की मोठी माणसंही आवाज खाली आणतात. अशा मुलाला आईच्या कुशीत झोपलेल्या अस्वलाच्या पिल्लाचं चित्रपुस्तक कशाला दाखवायचं, हे खोटं नाही का, असं एका शिक्षिकेनं मला विचारलं. तिनं मनापासून विचारलं होतं. मला मात्र वाटतं, अशा पुस्तकांची खरी गरज इथेच आहे.

मार्टिन वॉडेल यांनी लिहिलेलं आणि पॅट्रिक बेन्सन यांनी चितारलेलं 'आउल बेबीज' नावाचं एक इंग्रजी पुस्तक आहे, १९९२चं. झाडाच्या ढोलीत राहणारी घुबडाची तीन पिल्लं रात्री जागी होतात, तर आई घरात नाही. थोरली धीर देते, आई खायला आणायला गेली असेल म्हणते. धाकट्याला काही समजून घ्यायचंच नसतं, त्याला आई हवी असते. तिघं फांदीवर एकमेकांना बिलगून बसतात आणि शेवटी आई येते. एवढंच पुस्तक. मी ते मराठीत सांगत मुलांना दाखवते, तेव्हा एखादी आजी हमखास नाक मुरडते. घुबड अशुभ, ते लेकरांपुढे कशाला? मुलंही आधी बिचकतात. दोन-तीन पानं उलटली की त्यांना घुबड दिसत नाही, आईची वाट पाहणारं पिल्लू दिसतं, आणि मग कुणीतरी विचारतंच, येईल ना त्याची आई?

हा प्रश्न मूल स्वतःच्या आईबद्दल सहसा विचारत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आई अंधारातच घर सोडते. पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांवरून आईबाप कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर जातात आणि मुलं आजीजवळ राहतात. काही घरांत तर बापानं आत्महत्या केलेली असते आणि त्याबद्दल मुलासमोर कुणी अवाक्षर काढत नाही. २०१९च्या जानेवारीत यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा वैशाली येडे या शेतकऱ्याच्या पत्नीनं, नवरा गमावलेल्या बाईनं, त्याचं उद्घाटन केलं. त्या दिवशी अशा घरातल्या बाईचं दुःख साऱ्या महाराष्ट्रानं ऐकलं. तिच्यासारख्या घरांतल्या चार-पाच वर्षांच्या पोरांशी बोलायला आपल्याजवळ काय आहे? पिल्लाची गोष्ट तेवढं करू शकते. भीती पिल्लाची असते, म्हणून मूल ती मोकळेपणानं बोलून दाखवतं.

आपल्या जुन्या गोष्टींत प्राणी भरपूर आहेत. लेकीकडून परतणारी म्हातारी भोपळ्यात बसून वाघाला चुकवते, पंचतंत्रात कोल्हा लबाडी करतो आणि सिंह फसतो. या गोष्टी मला प्रिय आहेत, पण त्यांतला प्राणी बहुतेक वेळा शहाणपण शिकवायला आलेला असतो. नुसतं रुसलेलं, हरवलेलं, मित्राची वाट पाहणारं पिल्लू त्यांत क्वचित भेटतं. घरातलं हे हळवं जग माधुरी पुरंदरे यांनी 'राधाचं घर'सारख्या पुस्तकांतून मराठीत सुरेख आणलं, पण ते माणसांचं घर आहे. आपल्या रानातल्या प्राण्यांचं तसं पुस्तक मी अजून शोधते आहे.

आणि गोष्ट तर इथेच पडून आहे. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९च्या जूनमध्ये आईचं रान सोडून निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून वाट कळत गेली. तेलंगणाच्या हद्दीत जाऊन, पुन्हा महाराष्ट्रात येऊन, शेतं, नाले, रस्ते ओलांडत तो १३०० किलोमीटरहून जास्त चालला आणि वर्ष संपायच्या आत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. लोकांनी त्याला 'वॉकर' म्हटलं. मोठं झालेलं पिल्लू स्वतःचं घर आणि सोबत शोधायला निघतं, ही गोष्ट ज्याचा दादा पुण्याला कामाला गेला आहे त्या मुलाला सांगावी लागत नाही, ती त्याला ठाऊकच असते.

त्याच्या आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री, राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ अवनी वाघिणीला गोळी घातली गेली. १३ माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. तिचे दोन बछडे मागे राहिले, त्यातल्या मादीला पुढच्या महिन्यात पकडून पेंचला नेलं. मोठी माणसं तेव्हा दोन बाजूंना उभी राहून भांडली. गावातल्या मुलानं मात्र दोन्ही ऐकलं होतं, शेजारच्या घरातलं रडणं आणि जंगलात उरलेल्या पिल्लांची बातमीही. त्या मुलाला वाघाचा तिरस्कारच करायला शिकवणं किंवा माणसांचं दुःख विसरून वाघाला गोंडस करणं, दोन्ही मला अन्याय वाटतात. चांगलं चित्रपुस्तक या दोन्ही गोष्टी मनात ठेवायला जागा देतं.

चित्रपुस्तकाचा आणखी एक उपयोग आपल्या जिल्ह्यात आहे. कोलामांच्या पोडावरचं, म्हणजे वस्तीवरचं, मूल घरी कोलामी बोलतं, तांड्यावरचं गोरमाटी. अंगणवाडीत आल्यावर मराठी त्याला परकी असते. पण चित्रातली चितळाची पाडसं सगळ्या भाषांत तीच असतात. मजकूर मराठीत छापलेला असला तरी पोडावरची आजी तीच गोष्ट कोलामीत सांगू शकते. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५मध्ये सुरू झालेल्या मंचावर अशा गोष्टी फुकट मिळतात आणि त्यांचा अनुवाद करायला, त्या छापायला परवानगी आहे. सीजीनेट स्वरा या उपक्रमाच्या साथीनं गोंडी बोलणाऱ्यांनी तिथल्या गोष्टी आपल्या भाषेत आणल्या. झरी जामणी, केळापूर, मारेगावच्या शिकलेल्या कोलाम तरुणांनी हे काम हाती घ्यावं. एका फोनवर आणि काही संध्याकाळींत होण्यासारखं आहे ते. करोनाच्या काळात राज्यात 'गोष्टींचा शनिवार' सुरू झाला आणि दर शनिवारी मोबाइलवर गोष्ट येऊ लागली. ती नुसती पुढे न पाठवता मांडीवर मूल घेऊन वाचून दाखवणारं माणूस घरात हवं.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून पोरं दारात येतात, आपण बोजारा देतो. यंदा पैशांबरोबर एक चित्रपुस्तक द्या. एकट्यानं परवडत नसेल तर चार घरांनी मिळून एक घ्या आणि अंगणवाडीत ठेवा, कपाटात कुलपाआड नको, मुलांच्या हाताला येईल असं. आणि यवतमाळमध्ये जे चित्र काढतात, जे लिहितात, त्यांनी टिपेश्वरच्या पिल्लाचं पुस्तक आता करायला घ्यावं.