प्रवाळाचा दगड हा ‘नुसता दगड’ नव्हे

२०२४ च्या सागरी उष्णतेच्या लाटेत लक्षद्वीपची प्रवाळे पांढरी पडली, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. त्याच देशात खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी सजवायला खऱ्या प्रवाळाचेच दगड हवेत, हा हट्ट मात्र सुटत नाही. समर्थन ठरलेले असते: ‘तो तर मेलेला सांगाडा, उचलला म्हणून कोणाचे काय बिघडले?’

बिघडते ते असे. भरीव घडणीची प्रवाळे वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे फूटभर उंचीचा दगड ही सुमारे तीस वर्षांची कमाई. शिवाय प्रवाळभित्ती उभी असते ती मृत सांगाड्यांच्याच थरांवर. नवे जीव तिथेच रुजतात, लाटांचा मारा तिथेच अडतो. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी दीर्घकाळ प्रवाळ खणले गेले. तिथल्या २१ बेटांपैकी दोन आज पाण्याखाली आहेत आणि अभ्यासक त्यामागे हे उत्खनन एक प्रमुख कारण मानतात.

कायद्यातही संदिग्धता नाही. २००१ मध्ये भित्ती उभारणारी सर्व प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. सांगाडा निर्जीव आहे, एवढ्याने तो या कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक शास्त्रीय भासतो: ‘लाइव्ह रॉकविना टाकी जगत नाही.’ यात अर्धेच सत्य आहे. माशांच्या उत्सर्जनातील अमोनिया विषारी असतो. खडकावर वसलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात; खडकाच्या आतल्या, प्राणवायू कमी असलेल्या छिद्रांत दुसरे जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. परंतु हे काम जिवाणूंचे आहे, प्रवाळाच्या वंशावळीचे नाही. त्यांना हवी सच्छिद्र जागा, खेळते पाणी आणि वेळ. जमिनीवरच्या खाणीतील सच्छिद्र चुनखडक किंवा भाजलेली सिरॅमिक ही जागा देतात. सिमेंटचे ओतीव खडकही चालतात. मात्र त्यांतील अल्कली पाण्याचा सामू वाढवते, म्हणून ते आधी कित्येक आठवडे पाणी बदलत भिजवावे लागतात. कोरड्या खडकावर जिवाणूंची वसाहत स्थिरावण्यास महिना-दीड महिना लागतो. तेवढा धीर नसणाऱ्याने समुद्राला वेठीस का धरावे?

रचनेचे शास्त्रही ढिगाच्या विरोधातच जाते. मागच्या काचेला टेकवून रचलेल्या भिंतीमागे प्रवाह मंदावतो आणि गाळ साचतो. पाया वाळूवर ठेवला, तर बिळे करणारे मासे तो पोखरतात आणि रचना कोसळते. म्हणून पायाचे खडक आधी तळावर बसवावेत, वाळू नंतर पसरावी. कमानी, गुहा आणि चहूबाजूंनी मोकळे पाणी ठेवल्यास थोड्या खडकांत अधिक आसरा मिळतो. अशा रचनेला कल्पकता लागते, तोडलेली भित्ती नव्हे.

मत्स्यटाकी ही उत्तम प्रयोगशाळा आहे. नायट्रोजनचे चक्र विद्यार्थ्यांना इतक्या जवळून क्वचितच दिसते. म्हणूनच तिचा पाया चोरीचा असू नये. समुद्राचे प्रेम टाकीत सिद्ध करण्यासाठी समुद्रच तोडावा लागत असेल, तर त्या प्रेमाला हव्यास हेच नाव शोभते.