गोळी आणि बोलणे

गेल्या महिन्यात महिला मंडळाची बैठक आटोपल्यावर एक भगिनी आम्हांला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, सुनेला डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, वर दर आठवड्याला बोलायला बोलावलंय. गोळ्या चालू असताना बोलण्याची फी कशाला? अन् बोलून बरं वाटणार असेल तर गोळ्या कशाला?" प्रश्न रास्त होता.

सून पहाटे तीनला जागी होई. भाकरी थापता थापता हात थांबे. अशा माणसाला "मन घट्ट कर" म्हणणे म्हणजे तापाने फणफणलेल्याला "गार हो" म्हणणे. तिच्यासमोर समुपदेशक बसला तरी ती बोलणार काय? गोळीने झोप-भूक ताळ्यावर येते, तेव्हा कुठे बोलायचे बळ येते. परंतु सुटलेली नोकरी, घरचे टोमणे (हे आम्ही सासूबाईंना जरा जपूनच सांगितले) आणि "मी कुचकामी" हा घर करून बसलेला विचार गोळीने जात नाही. तो बोलून, तपासूनच सैल करावा लागतो.

२००० साली अमेरिकेत जुनाट नैराश्याच्या ६८१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या औषधाने शंभरांत ४८ जणांना गुण आला, नुसत्या बोलण्यानेही तितक्याच. दोन्ही मिळून ७३ जणांना. त्यातले औषध पुढे यकृताच्या अपायामुळे अनेक देशांत बंद झाले, पण जोडउपचाराचा निष्कर्ष नंतरच्या अभ्यासांतही टिकला. आजार सौम्य असेल तर मात्र नुसते बोलणेही पुरते.

घोडे अडते ते दुसरीकडेच. गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मळमळ मात्र आधी सुरू होते. या घरातही दहाव्या दिवशी धाकटे दीर म्हणाले, "सवय लागेल, बंद करा." वाचकहो, या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. उलट एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी होते. बरे वाटल्यावरही त्या निदान सहा महिने घ्यायच्या आणि डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या.

फीचे म्हणाल तर आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा रस्ता दाखवला. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' ही सेवाही आहे. १४४१६ वर मराठीतून, केव्हाही, मोफत बोलता येते. घरात कोणी मरणाची भाषा करीत असेल तर उद्यावर ढकलू नका.

गेल्या गुरुवारी सासूबाई स्वतः सुनेबरोबर गेल्या व बाहेर बाकावर तासभर बसून राहिल्या. आत काय बोललीस, हे तिला विचारायचे नाही, एवढे आम्ही त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.