न्यूयॉर्कचा भाव, पाचोडची खाज

2023 च्या मार्चमध्ये मराठवाड्यातल्या पाचोडला चुलत्यांकडे गेलो, तर त्यांनी मला ओसरीवरच थांबवलं. "आत येऊ नको, रात्रभर खाजवत बसशील." आतल्या दोन्ही खोल्यांत आढ्याला टेकेल इतका कापूस भरलेला. त्यात बारीक किडे झालेले, पोरांच्या हातापायांवर पुरळ उठलेलं. चुलती महिनाभर अंगणात खाट टाकून झोपत होती आणि नवऱ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. विकत का नाही, असं मी विचारलं. चुलते म्हणाले, "बारा हजार येऊ दे, मग काट्यावर नेऊ."

बारा हजार हा आदल्या वर्षाचा आकडा. 2022 च्या एप्रिल-मेमध्ये क्विंटलला बारा हजारांच्या वर भाव गेला, तेव्हा चुलत्यांच्या घरात कापसाचं बोंडही शिल्लक नव्हतं. दिवाळीची उधारी फेडायला त्यांनी आठ हजारांनी सगळा दारातून उचलून दिला होता. ती सल मनात घेऊन पुढच्या हंगामात त्यांनी कापूस धरून ठेवला. एकटे तेच नव्हेत, त्या वर्षी मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात गावोगावी घरं अशीच भरलेली होती.

बारा हजार गेले कुठे?

आपल्या कापसाच्या भावाचा एक कान न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे असतो. तिथं रुईचा भाव पौंडाला सेंटमध्ये बोलतात. इथला जिनिंगवाला एका क्विंटल कापसातून निघणारी चौतीस-पस्तीस किलो रुई आणि उरलेली सरकी यांचा हिशेब मांडतो, त्यातून आपला खर्च-नफा वजा करतो आणि उरेल ते शेतकऱ्याला सांगतो. सरकीच्या ढेपेचा भाव निदान आपल्याच म्हशींशी बांधलेला आहे. रुईचं तसं नाही. मे 2022 मध्ये न्यूयॉर्कला दीड डॉलरच्या आसपास गेलेली रुई ऑक्टोबरअखेर त्याच्या निम्म्यावर आली होती.

आणि ती निम्म्यावर आणण्यात शेतीतल्या कुठल्याही गोष्टीइतकाच एका व्याजदराचाही हात होता. जून 2022 मध्ये अमेरिकेतली महागाई 9.1 टक्क्यांवर पोहोचली. त्यांच्या मध्यवर्ती बँकेनं, फेडरल रिझर्व्हनं, मार्चपासूनच व्याजदर वाढवायला घेतले होते. शून्याच्या जवळ असलेला दर दीड वर्षाच्या आत सव्वापाच टक्क्यांच्या पुढे गेला. पेट्रोल, किराणा आणि हप्ते भागवता भागवता तिथल्या माणसानं नवा शर्ट पुढे ढकलला. कोरोनानंतरच्या उत्साहात मोठ्या दुकानदारांनी भरून ठेवलेली गोदामं तशीच राहिली, त्यांनी पुढच्या ऑर्डरी कापल्या. तिरुपूर आणि ढाक्याची शिलाई मंदावली, सूतगिरण्यांनी रुई उचलणं कमी केलं, जिनिंगवाल्यानं हात आखडला आणि गावात फिरणारा खेडा खरेदीवाला आमच्या चुलत्यांना म्हणाला, "थांबा दोन दिवस, बाजार पडेल आहे." ते दोन दिवस पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालले. शेवटी कापूस सात हजारांच्या खाली गेला, तोही पिवळा पडलेला.

वॉशिंग्टनमधल्या बैठकीत कुणी पाचोडच्या खाजेचा विचार करावा, अशी माझी अपेक्षा नाही. ते त्यांची महागाई बघणार. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. 2022 मध्येच डॉलर 74 रुपयांवरून 83 वर गेला. रुपया पडला की निर्यातदाराचं भलं होतं, असं पुस्तकात असतं. चुलत्यांना त्यातलं काही मिळालं नाही. भावाच्या पडझडीनं तो फायदा वाटेतच खाल्ला.

पाचोडचं नाव खरं तर मोसंबीसाठी. मोसंबीही कधी कधी रडवते, टनाचे भाव कोसळतात. पण तिथं कारण डोळ्यांना दिसतं. आवक वाढली, फळगळ झाली, दिल्लीकडे थंडी पडली. कापसाचं कारण दिसत नाही, म्हणून माणूस स्वतःच्या नशिबाला, नाहीतर व्यापाऱ्याला शिव्या घालतो.

हे दुखणं जुनं आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपल्याकडे धाव घेतली. मुंबईत कापूस-दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली शेअरबाजाराची धुंदी याच पैशावर चढली आणि 1865 मध्ये युद्ध संपताच उतरली. मुंबईचं दिवाळं लगेच निघालं. खेड्यात मात्र तेजीच्या भरात काढलेलं कर्ज राहिलं. पुढे सारा वाढला, सावकार अडून बसले आणि मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. मुंबईच्या बुडालेल्या शेअरवाल्यांबद्दल बरंच लिहिलं गेलं. सुप्याचा धडा मात्र कमीच वाचला जातो.

2025 मध्ये तेच पुन्हा, जरा उघडपणे. अमेरिकेनं 27 ऑगस्टपासून बहुतेक भारतीय मालावर एकूण 50 टक्के आयात शुल्क लावलं. कापड गिरण्यांची आणि कपडे शिवणाऱ्यांची कोंडी झाली, यात शंका नाही. त्यांना स्वस्त रुई मिळावी म्हणून केंद्रानं 19 ऑगस्टपासूनच कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आमच्या वेचणीचा काळ. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झालेला, सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं बोंडं सडलेली आणि बाजार हमीभावाच्या बराच खाली. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर जावं तर नोंदणी, ओलावा, रांग. घाव अमेरिकेनं कारखान्यावर घातला, आपण तो उचलून शेतकऱ्याच्या पाठीवर ठेवला.

गिरण्यांना मदत करू नका, असं म्हणत नाही. ती तिजोरीतून करा. आणि कापसावरचं शुल्क काढायचं असेल, तर ते मे महिन्यात जाहीर करा, बियाण्याची पिशवी फाडायच्या आधी. चुलत्यांनी त्या हंगामात निम्म्या रानात मका घेतली होती. उरलेल्या निम्म्यातला कापूस त्यांनी वेचला त्याच आठवड्यात, मिळेल त्या भावानं देऊन टाकला. घरात साठवायचा नाही, ही चुलतीची अट होती.